सरांचा साचा

संत्रा मंडीतला लिलाव बंद पडला त्याच सकाळी ऋषिकेशला कळलं होतं की चूक आपली आहे. कळलं, आणि तो गप्प बसला. पांढुर्ण्यातल्या त्या छोट्या कंपनीत सगळे त्याला 'सर' म्हणत. कापसाच्या जिनिंगवाल्यांचे आणि मंडीचे सर्व्हर उभे करणारा तोच एक जाणकार, आणि जाणकार माणसाला नेमक्या अशा वेळी वाचा फुटत नाही.

चूक साधीच होती. नवा सर्व्हर लागला की तो कोणी पहिल्यापासून उभा करत नाही. एक साचा तयार असतो, टेम्प्लेट म्हणतात त्याला; त्यातून हवे तेवढे सर्व्हर काढायचे. हे सर्व्हर एका मोठ्या मशीनच्या पोटात राहतात. त्यांचं नेटवर्क कार्डसुद्धा आभासी, पण त्या कार्डाला पत्ता लागतोच, आणि प्रत्येकाचा वेगळा. म्हणून साच्यात पत्ता 'आपोआप' वर सोडायचा असतो. मंडीचा जुना सर्व्हर बदलताना ऋषिकेशनं तो सोडला नव्हता. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर एकाच ठरावीक पत्त्याला ओळखायचं. पत्ता बदलला की ते बनवणाऱ्यांना फोन लावा, मिनतवाऱ्या करा, नवा परवाना मागा. त्यात त्या दिवशी पोळा होता. दुसऱ्या दिवशी गोटमार, गावातली दगडफेकीची जत्रा, म्हणजे रस्ते अडवलेले, आणि त्याआधी सौंसरला घर गाठायचं होतं. त्यानं जुना पत्ता साच्यातच पक्का ठोकला, 'सण झाला की काढू' म्हणाला आणि बस पकडली. सण झाला. पत्ता मात्र तिथंच राहिला.

आंबिया बहाराची संत्री आली तेव्हा काम वाढलं, आणि त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या प्रणाली नावाच्या मुलीनं त्याच साच्यातून मंडीसाठी दुसरा सर्व्हर काढला. एका पत्त्याचे दोन धनी झाले. काट्यावरचं वजन कधी ह्याच्याकडे जाई, कधी त्याच्याकडे, आणि शेवटी कुणाकडेच जाईना. बोली थांबली, संत्र्यांच्या गाड्या रस्त्यापर्यंत खोळंबल्या.

कंपनीचे मालक दिलीपभाऊ सगळ्यांसमोर प्रणालीवर बरसले. "काय करून ठेवलं हे? इतकी मंडी बसून राहिली तुझ्यापायी!"

प्रणाली खाली मान घालून भराभर काहीतरी तपासत होती. ऋषिकेश तिच्या शेजारीच उभा होता. त्यानं बाजूच्या संगणकावर साचा उघडला, ठोकलेला पत्ता गुपचूप काढला, दुसऱ्या सर्व्हरला नवा पत्ता दिला आणि परवान्यासाठी फोन लावला. ज्या फोनचा त्याला एवढा कंटाळा होता, तो चहा निवायच्या आत आटोपला. लिलाव सुरू झाला. "सर होते म्हणून निभावलं," असं दिलीपभाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, आणि प्रणालीला उद्यापासून येऊ नको म्हणाले. ऋषिकेशनं ती थापही मुकाट्यानं घेतली. त्याला स्वतःची किळस आली, पण किळस आली म्हणून काही त्याचं तोंड उघडलं नाही.

प्रणाली त्याचीच विद्यार्थिनी. सौंसरच्या क्लासात त्यानंच तिला शिकवलं होतं, साचा दोनदा तपासा, फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, सुरुवातीलाच नीट निवडा, मागून ते बदलता येत नाही. तिला नोकरीला पाठवा म्हणून तो स्वतः रामाकोन्याला तिच्या वडिलांकडे गेला होता. "माझ्या भरवशावर पाठवा," असं छातीठोक सांगून आला होता.

रविवारी तेच वडील, गुणवंताजी, मुलीला घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. हातात संत्र्यांची पिशवी. ऋषिकेशच्या बायकोनं, छायानं, खुर्च्या दिल्या. पण गुणवंताजी बसले नाहीत.

"सर, माफ करा," ते हात जोडून म्हणाले. "तुम्ही शब्द टाकला होता पोरीसाठी. तिनं तुमचं नाव घालवलं. मले तर तोंड दाखवायची लाज वाटून राहिली."

वडिलांच्या वयाचा माणूस आपल्यापुढे हात जोडून उभा, आणि आपण आपल्याच ओसरीवर चोरासारखे. ऋषिकेशला धरणी दुभंगावी असं वाटलं. त्यानं पुढे होऊन ते जोडलेले हात खाली केले.

"गुणवंताजी, चूक तिची नाही. माझी आहे. साच्यात मीच घोळ करून ठेवला होता. मले त्याच दिवशी समजलं होतं, तरी मी चूप राहिलो."

छाया चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं दिलीपभाऊंना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं.

पलीकडून दिलीपभाऊ म्हणाले, "मग तवा काऊन नाही बोलला, बाप्पा?"

"प्रणालीचं काय, ते आधी सांगा," ऋषिकेश म्हणाला.

"तिले सोमवारी ये म्हणा. तुमचं आपण मंग पाहू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गुणवंताजी आता खुर्चीत बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. ती पुढे करावी की परत न्यावी, हे त्यांना कळत नव्हतं. प्रणाली अजून उभीच होती.

"काही तरी बोल, प्रणाली," ऋषिकेश म्हणाला. "रागाव, पण बोल."

"त्या दिवशी मी सगळं तपासलं, सर," ती म्हणाली. "केबल पाहिली, कार्ड पाहिलं, फर्मवेअरसुद्धा पाहिलं. साचा तेवढा उघडला नाही. तो तुमचा होता ना."