भाताच्या गंजाचं पोटदुखणं

मी भाताचा गंज बोलतोय, म्हणजे भात रांधायचं मोठं पातेलं. जर्मनचा, म्हणजे तुमच्या पुस्तकी भाषेत ॲल्युमिनियमचा. सानगडीच्या वाटेवर आमचं गाव आहे आणि तिथल्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत मी राहतो. माझ्यात एका वेळी दोनशे माणसांचा भात शिजतो. हे मीच सांगून टाकतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

माझ्या शेजारी एक लोखंडी कढई असते. तिचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, आणि मी तर वरपासून खालपर्यंत पोटच आहे.

माझी खरेदी भंडाऱ्याची. ते शहर नावाजलेलं पितळेच्या भांड्यांसाठी, आणि मी निघालो जर्मनचा, म्हणजे कमीपणा तिथूनच पाठी लागला. गावानं मला आणि कढईला एकाच दिवशी, एकाच बैलगाडीतून आणलं. वेशीवर बायकांनी आम्हाला हळद-कुंकू लावलं. आधी कढईला, मग मला. लोक म्हणतील, एवढंसं काय लक्षात ठेवायचं? ठेवतो मी.

दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, पाळणे लागतात, दंडार नाचते. आमच्या गावात त्या दिवशी दुपारी बाहेरून आलेल्या सगळ्या पाहुण्यांना एकत्र पंगत असते. भाजी बाजारातून येते, तेल दुकानातून येतं, पण तांदूळ मात्र प्रत्येक घरातून आला पाहिजे अशी रीत आहे. सूपभर असो की ओंजळभर, घर सुटत नाही. सगळ्यांचा तांदूळ एकाच गंजात पडला की कोण कोणाचा पाहुणा, हे विचारायचं कारण उरत नाही.

आता सांगा, एवढं सगळं ज्याच्या पोटात शिजतं त्याला चार शब्द मिळायला हवेत की नको? पण पंगत उठते ती एकच गोष्ट बोलत.

"भाजी का मस्त झाली बाप्पा! आलू-वांग्याची भाजी खावी तर इथंच!"

मग भाजी रांधणारा ईश्वर मिशीवरून हात फिरवतो. पोरं कढईसोबत त्याचे फोटो काढतात. मला कडेला टाकून काढतात, म्हणून मी प्रत्येक फोटोत अर्धाच आलो आहे. या धानाच्या मुलखात भाताला कोण वाहवा म्हणणार? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. कितीदा मनात आलं, एकदा तरी लागू दे हिची भाजी बुडाला! लागली नाही कधी. ईश्वरचा हातच तसा आहे, मेल्याचा.

माझ्या वाट्याला चंद्रभागाबाई. सत्तरीची, कमरेत वाकलेली, बोलायची कंजूष. माझा भात तीच रांधते. तिलाही कधी कोणी शाबासकी दिली नाही, पण तिला त्याचं काहीच वाटत नाही. याचाही मला राग येतो.

मागच्या वर्षी ती नातीच्या बाळंतपणाला वरठीला गेली होती. मग मंडई समितीच्या पोरांनी भात हातात घेतला. घराघरातून आलेला जाडा, बारीक, जुना, नवा, सगळा तांदूळ त्यांनी एकदमच माझ्यात ओतला. व्हायचं तेच झालं. नव्या बारीक तांदळाची खीर झाली आणि जुना जाडा दाताखाली कडकड वाजू लागला. पाहुणे भाजी खाऊन उठले. कढईची तर त्या दिवशी दिवाळीच झाली.

दोष कोणाच्या माथी जावा? आधी माझ्या. म्हणे गंजाचं बूड पातळ झालं. मग कोणीतरी म्हणालं, "जाड्या तांदळानं घाण केली." आणि गावात जाडा तांदूळ कोण देतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बुद्धविहाराजवळची बायजाबाई मान खाली घालून पंगतीतून उठली, ते मी पाहिलं.

यंदा दिवाळीआधी बैठक बसली. मंडई समितीचा अध्यक्ष धनंजय म्हणाला, "मागच्या साली पाहुण्यापुढं मान खाली गेली आपली. यंदा दुकानातून एकच बारीक तांदूळ आणू. गंजबी स्टीलचा घेतला आहे. मंडई झाली का हा जुना मोडीत देऊन टाकू."

मोडीत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बायजाबाई उभी राहिली. "माह्या घरचा तांदूळ चालत नाही, असं सरळ सांग ना रे धनंजय."

"तसं नाही वो काकू."

"मंग कसं हाय?"

चंद्रभागाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "तांदूळ खराब नव्हता गा. टाकणं खराब होतं." पण तिचं बोलणं कोण ऐकतो! बैठक उठली, आणि घराघरातून तांदूळ आणायची रीत तिथंच संपली.

मंडईच्या दिवशी माझ्या जागेवर, माझ्या चुलीवर तो नवा स्टीलचा गंज चढला. चकचकीत इतका की पोरी त्यात पाहून केस नीट करत होत्या. मला बाहेर ठेवलं आणि माझ्यात हात धुवायचं पाणी भरलं. जो येई तो माझ्यात तांब्या बुडवून खळखळून चूळ भरी. आजवर मी एका कढईवर जळत होतो, आता दोघांवर जळू लागलो.

एक वाजेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग दिघोरीकडून दोन ट्रॅक्टर भरून पाहुणे उतरले. त्यांच्या गावची मंडई आदल्याच दिवशी झाली होती, म्हणून झाडून सगळे मोकळे होते. पंगत बसली, पत्रावळी पडल्या, ईश्वरनं ऐटीत भाजी वाढली आणि भात संपला. पन्नासेक माणसं भाजीकडे पाहत बसली. नुसत्या भाजीला हात कोण लावणार? त्या घडीला कढईचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

धनंजयचा चेहरा उतरला. सानगडीहून तांदूळ आणायला तासभर लागला असता, आणि तिथला दुकानवाला स्वतःच पंगतीत बसलेला. तेव्हा धनंजयची आई निर्मलाबाई उठली. "काहून असे पाहून राहिले सगळे? कोणाच्या घरी तांदूळ नाही का?" म्हणत ती घराकडे निघालीसुद्धा. तिच्यामागे दहा बायका गेल्या, मग वीस.

बायजाबाई तेवढी जागची हलली नाही. धनंजय तिच्याजवळ गेला. "काकू, तुमचाबी आणा ना."

"जाडा हाय बरं."

"आणा ना काकू. चुकलं माह्यं."

तिनं पदर खोचला आणि लगबगीनं घराकडे गेली.

स्टीलच्या गंजाच्या बुडाला भात करपून चिकटला होता. तो घासल्याशिवाय चुलीवर चढणार नव्हता. चंद्रभागाबाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. पाणी ओतून, राखेनं घासून चौघांनी मला चुलीवर ठेवलं. आधण आलं. मग ती एकेक सूप पाहू लागली. "तुमचा कोणता वो? नवा का जुना?" विचारत तिनं सुपांच्या तीन रांगा लावल्या.

"बायजाचा पहिले," ती म्हणाली. "जुना जाडा हाय, त्याले वेळ लागते."

ज्या तांदळाला नावं ठेवली तो सगळ्यांच्या आधी माझ्यात पडला. त्याला चार उकळ्या येऊ दिल्यावर जुना बारीक टाकला. शेवटी नवा, आणि निर्मलाबाईचा सुवासिक चिन्नोर सगळ्यांच्या मागून. मग माझ्या तोंडाला फडकं बांधून दोघांनी मला बांबूवर कलतं केलं, पेज काढली, झाकणावर निखारे ठेवले. झाकण उघडलं तेव्हा माझ्यात जाडं शीत जाडं होतं, बारीक बारीक होतं, आणि कच्चं एकही नव्हतं.

पाहुणे पोटभर जेवले. आणि उठताना काय म्हणाले?

"भाजी मस्त होती बाप्पा!"

मी काही बोलत नाही. बोलून काय उपयोग.

पण धनंजयनं माझ्या पोटावर थाप मारून सगळ्यांना सांगितलं, "पुढच्या साली तांदूळ घराघरातूनच येईल. आणि हा गंज मोडीत जात नाही."

सगळं आवरल्यावर चंद्रभागाबाई आणि बायजाबाई माझ्याजवळ जेवायला बसल्या. ईश्वरनं राखून ठेवलेली भाजी वाटीत आणली. चंद्रभागाबाईनं हात आडवा केला. "राहू दे गा. पहिले नुसता भात खाऊ दे." तिनं माझ्या तळाला लागलेली खरपूस खरपुडी काढली, अर्धी बायजाबाईला दिली, वर थोडं मीठ घेतलं. एक घास खाऊन बायजाबाई म्हणाली, "असा भात आजवर नाही खाल्ला वो बाई."

उभ्या जन्मात मला मिळालेली ही पहिली शाबासकी. आणि ती कढई नेमकी त्या वेळी बोअरिंगवर घासायला गेलेली! परत आली तेव्हा दोघी हात धुऊन निघूनही गेल्या होत्या. आता मी कितीही सांगितलं तरी ती म्हणते, मी नाही ऐकलं.

म्हणून तुम्हाला विनवतो. दिवाळीनंतर आमच्या मंडईला या. पहिला घास नुसत्या भाताचा घ्या. आवडला तर तसं सांगा, जरा मोठ्यानं सांगा, आणि सांगण्याआधी कढई जागेवर आहे ना, तेवढं पाहून घ्या.