ओला भुसा

अब्दुल रहीम परतवाड्याच्या आरागिरणीत बत्तीस वर्षं लाकूड कापत होता. त्या साली कपाशी हातची गेली होती, गावोगावची माणसं मिळेल त्या मजुरीला लागली होती. गिरणी मात्र दोन पाळ्यांत चालू होती. एका कंपनीला जुन्या जंगलातला वाळलेला, पडलेला साग उचलायची परवानगी मिळाली होती; तो माल याच गिरणीत कापला जात होता.

पण पात्याखालून भुसा उडेना. ओला, जड, तळहाताला चिकटणारा. जिती झाडं होती ती. एका ओंडक्यावरची वर्षांची वलयं रहीमनं मोजायला घेतली. दीडशेच्या पुढं गेल्यावर त्याच्यानं मोजवेना.

ही तोड थांबावी म्हणून जंगलाकाठच्या गावांच्या वतीनं दीक्षा नावाची तरुण वकील हायकोर्टात भांडत होती. रविवारी रहीम एसटीनं अमरावतीला तिच्याकडे गेला आणि ओल्या भुशाचं सांगितलं.

"चाचा, हे कोर्टाले लिहून द्याल? मालक तुमाले ठेवणार नाही."

"मालूम हाय बेटा. तू लिव, मी सही करतो."

प्रतिज्ञापत्र दाखल झालं आणि तिसऱ्या दिवशी त्याचं काम सुटलं. कंपनी म्हणाली, हा माणूस खोटारडा आहे. तेव्हा कोर्टानं गिरणीच्या पाहणीला एक अधिकारी पाठवला; त्यानं रहीमलाही सोबत नेलं.

मालकानं वाळके ओंडके पुढं काढून ठेवले होते.

"साहेब, थप्पीच्या खालचा घ्या," रहीम म्हणाला.

"रहीम, माह्या बापानं तुले हे काम शिकवलं," मालक हळूच म्हणाला.

खरंच होतं ते. रहीमची मान खाली गेली. क्षणभर वाटलं, निघून जावं. मग तो आऱ्यापाशी गेला आणि त्यानं खालचा ओंडका पात्याला लावला. अधिकाऱ्यानं भुसा मुठीत दाबला. मूठ उघडली तरी गोळा तसाच राहिला.

महिन्याभरात तोड थांबवायचा हुकूम आला. तोवर निम्मं जंगल आडवं झालं होतं. गिरणीत रहीमला परत कुणी बोलावलं नाही. आता तो घरीच दारं-खिडक्या करतो; बायको शहाजादी पॉलिश करते.

एकदा दीक्षा त्याला उरलेल्या रानात घेऊन गेली. सागाच्या बुंध्याला हात लावून तो किती तरी वेळ वर बघत राहिला.

"आजपर्यंत आडवेच पाह्यले मी," तो म्हणाला. "शहाजादीले आनतो एकदा." आणि पुढच्या झाडाकडे चालू लागला.