दिवा दोनदा फिरतो

पडद्यावरच्या म्हाताऱ्याला कोट होता, हातात काठी होती, पण मानेच्या वर काहीच नव्हतं. ओल्या फडक्याने फळा पुसावा तसा नुसता राखाडी डाग. पुढच्या रांगेत म्हाताऱ्याची लेक हुंदके देत होती आणि स्कॅनवाल्याच्या दुकानामागचं ते गोदाम माणसांनी खच्चून भरलं होतं.

फुंकरबाबाने जुनी निगेटिव्ह चिमटीत धरली. डोळे मिटले, गाल फुगवले.

“फूऽऽ!”

स्कॅनवाल्याने निगेटिव्ह परत यंत्रात ठेवली. यंत्र घरघरलं. पडद्यावर कपाळ उतरलं, भुवया उतरल्या, मग नाक, मग मिशी. मिशीचा केस न् केस वेगळा दिसत होता. लेकीने किंकाळी फोडली आणि बाबाच्या पायावर लोळण घेतली.

“निगेटिव्ह म्हणजे उलटी सावली!” बाबा गर्जला. “उलट्या सावलीत आत्मा अडकतो! वाईट नजर मेलेल्याचं तोंड खात राहते. विज्ञानाला विचारा. विज्ञान गप्प!”

विज्ञान गप्प होतं, कारण त्या गोदामात त्याला कोणी तोंड उघडू दिलं नव्हतं. ज्या बाईने उघडलं होतं, ती कोपऱ्यात फरशीवर पडली होती. हात मागे बांधलेले, ओठ फाटलेला, आणि समोरचा एक दात सकाळीच तुटून कुठेतरी पडलेला.

ती थोरली. एका घराची मोठी सून, नवऱ्यामागे एकटी राहिलेली. धाकट्या जावेचा एकुलता एक मुलगा गेल्या वर्षी ट्रकखाली गेला. त्याचा मोठा फोटो भिंतीवर लावायचा म्हणून दिराने घरातल्या सगळ्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायला आणल्या. दिराने काढलेले रंगीत फोटो नीट आले, पण त्यांत पोरगं कुठेतरी कडेला, पाठमोरं. पोराचे जवळून काढलेले फोटो सगळे थोरलीचे. काळे-पांढरे. फिल्म न्हाणीघरात अंधार करून ती स्वतः धुवायची. आणि त्या प्रत्येक फोटोत पोराचं तोंड गायब.

“कोणी काढले हे?” बाबाने विचारलं होतं.

“माझ्या मोठ्या जावेने.”

“मग खाणारी घरातच आहे.”

थोरली तेव्हा मोठ्याने हसली होती. “अहो बाबा, फुंकर मारून फार तर धूळ उडते. ढोंग कसलं करता?”

ते हसणं बाबाने विसरायचं नाही असं ठरवलं होतं. आज त्याने शेगडी मागवली होती. शेगडीत सळई लाल होत होती.

“फुंकर इथे चालायची नाही,” तो म्हणाला. “खाणारीचे डोळे विझल्याशिवाय पोराचं तोंड परत येणार नाही. आणि हे काम आईच्याच हातून झालं पाहिजे.”

गर्दीतून कोणी म्हणालं नाही की अरे, माणूस आहे ती. “धरा तिला!” एवढंच ऐकू आलं. दिराने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं मागे ओढलं. गाढवपणाला जोर फार असतो. मानेतून कळ गेली. धाकटी फडक्यात गुंडाळलेली सळई घेऊन पुढे आली. तिचे डोळे कोरडे होते, आणि थोरलीला सळईपेक्षा त्या डोळ्यांची भीती वाटली.

“ताई, का खाल्लंस गं त्याला?” धाकटी पुटपुटली. “काकू काकू करत तुझ्याच तर मागे असायचा.”

“पोराची निगेटिव्ह दिव्यासमोर धर. मग काय करायचं ते कर,” थोरली म्हणाली. बोलताना तोंडातून रक्त आलं.

धाकटी थबकली. सळई तशीच हातात ठेवून तिने दुसऱ्या हाताने पट्टी बल्बसमोर धरली.

“दिसतोय? तोंड आहे का?”

“आहे... पण काळं आहे.”

“बघा!” बाबाने संधी सोडली नाही. “काळं तोंड! करपलेलं! हिनेच करपवलंय!”

गोदाम खवळलं. कोणीतरी थोरलीच्या बरगडीत लाथ घातली. तिचा श्वास अडकला, डोळ्यांपुढे अंधारी आली. अंधारात तिला यंत्राची घरघर आठवली. सकाळपासून ती फरशीवर पडून तेवढंच तर ऐकत होती.

“दिवा दोनदा फिरतो!” ती ओरडली. “तोंड जातं तेव्हा यंत्रातला दिवा दोनदा फिरतो. फुंकरीनंतर एकदाच! फुंकर इकडे, आणि मधल्या वेळात याचा हात माउसवर. काय करतोस रे तू?”

सगळ्या माना स्कॅनवाल्याकडे वळल्या. त्याने माउसवरून हात असा काढला जणू चटका बसलाय.

“खोटं बोलतेय!” बाबा म्हणाला. “डोळे फोड आधी!”

धाकटीने सळई उचलली. आणि स्कॅनवाल्याच्या नाकापुढे धरली.

“काय करतोस?”

“वहिनी, जरा लांब... सांगतो ना! संगणकावर चौकोनात बरोबरची खूण असते, ती काढतो.”

“कसली खूण?”

“धूळ काढायची. ती केली की यंत्र दोनदा फिरतं. एकदा साध्या उजेडाने, एकदा डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाने. तो दुसरा उजेड रंगीत फिल्ममधून आरपार जातो, फक्त धुळीला अडतो. जिथे अडला ती धूळ समजून यंत्र तेवढं पुसतं, आजूबाजूचं तिथे भरतं.”

“आणि काळ्या-पांढऱ्याला?”

उत्तर थोरलीने दिलं. “काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते गं. बारीक कण. फोटोत जे उजळ, तिथे निगेटिव्हवर चांदी दाट, म्हणून ती काळी दिसते. पोराचं तोंड उन्हात होतं. तिथेच सगळ्यात दाट. यंत्राला तुझं पोरगं धूळ वाटलं.”

“म्हणूनच काळ्या-पांढऱ्याला ती खूण करायची नसते,” स्कॅनवाला रडवेला झाला. “बाबा म्हणाले, राहू दे.”

“ठेव निगेटिव्ह,” धाकटी म्हणाली. “खूण काढ. आणि कोणीतरी बाबाचं तोंड दाबा, फुंकर सुटायला नको.”

दिवा एकदा फिरला. पडद्यावर वरून खाली पोरगं उतरलं. विस्कटलेले केस, उन्हाने बारीक झालेले डोळे, गालावरचा ओरखडा, हसताना समोरच्या पडलेल्या दाताची फट. धाकटीच्या हातून सळई खणकन पडली.

“आता खूण कर,” थोरली म्हणाली.

“नको ताई! पुन्हा नको घालवू त्याला!”

“तूच कर. तुझ्या हाताने. नाहीतर उद्या हेच लोक म्हणतील, बाबाची जुनी फुंकर उशिरा लागू पडली.”

धाकटीने माउस हलवला. दिवा दोनदा फिरला आणि तोंड पुसलं गेलं. खूण काढली, तोंड आलं. पुन्हा केली, गेलं. काढली, आलं. मग मात्र ती पडद्याजवळ गेली आणि त्या हसऱ्या गालावर हात टेकवून ढसाढसा रडली.

आता गर्दी बाबाकडे वळली. क्षणात तो खाली होता. ज्याने बरगडीत लाथ घातली होती तोच त्याच्या छातीवर बसला, आणि दिराने सळई उचलली.

“खाली ठेवा, भाऊजी!” थोरली कशीबशी भिंतीला पाठ टेकवून उठत होती. “आधी माझे हात सोडा, मग पोलिसांना बोलवा. याला आणि या स्कॅनवाल्याला त्यांच्या ताब्यात द्या.”

“वहिनी, यानेच तर...”

“याने नुसतं सांगितलं. केस तुम्ही धरले. एवढ्या माणसांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की यंत्र काय करतं? मघाशी न विचारता मला मारत होतात, आता न विचारता याला मारताय. सळई तीच, हातही तेच.”

दिराने सळई शेगडीत टाकली. एकाने पुढे होऊन तिची दोरी सोडली, पण तिच्या तोंडाकडे बघण्याची त्याची हिंमत झाली नाही.

माझं वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. चमत्कार दिसला की टाळी वाजवायच्या आधी विचारा, हे कसं केलं? उत्तर देणाऱ्याची जीभ अडखळली, तर तिथेच पाय रोवून उभे राहा आणि पुन्हा विचारा. कारण न विचारलेल्या प्रश्नाची किंमत बाबा कधीच देत नाही. ती कोपऱ्यात बांधलेली बाई देते.

धाकटी पडद्यापासून मागे फिरली आणि थोरलीच्या ओठावरचं रक्त पदराने पुसू लागली. तुटलेला दात दिसला तशी थांबली. पडद्याकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

“ताई, सकाळी मारलं गं मी तुला.”

“हो, मारलंस,” थोरली म्हणाली. “चल, आधी दवाखान्यात चल. आणि ती निगेटिव्ह कडेने धर. बोटाचे ठसे उमटतात.”