रवीचा मान

शालनताईंनी मिक्सरच्या भांड्याला पांढरा दोरा गुंडाळला, घट्ट गाठ मारली आणि भांडं फडताळात मागे सरकवलं.

उजव्या मनगटाचं प्लॅस्टर निघाल्यापासून लोण्याचं काहीतरी बिनसलं होतं. रविवारी विरजलेल्या सायीत रवी घालून त्या दोन्ही तळव्यांनी घुसळायला बसत. दहा मिनिटांत मनगट बोंबलायचं. मग "जरा निवू दे" म्हणत त्या खाली सोसायटीच्या बागेतली फुलं आणायला जात. परत येऊन चार फेरे दिले, की लोण्याचा गोळा वर हजर.

इतकं गुणी लोणी त्यांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

संशय सुनेवर होता. सोनल चटणीपासून ताकापर्यंत सगळं मिक्सरमध्ये फिरवायची, आणि बाळकृष्णाच्या लोण्याला पातं लागलेलं या घरात चालत नसे.

आज फुलं ठेवून त्यांनी आधी फडताळ उघडलं. दोरा जागेवर. गाठ त्यांचीच.

"अहो, हे लोणी विकतचं असेल का?" त्यांनी नवऱ्याला हळूच विचारलं.

"चाखून सांगतो," महिपतराव पेपर खाली ठेवत म्हणाले.

"नैवेद्याआधी?"

"मग देवालाच विचार."

ओट्यापाशी सोनल हसली. "आई, तुमच्या हाताला गुणच आहे."

"माझ्या हाताला काय आहे, ते मला ठाऊक आहे."

नैवेद्य झाला. घुसळेल तिनं रवी चाटायची, हा शालनताईंच्या सासूबाईंचा नियम. म्हणून लोण्यानं माखलेली रवी त्यांनी स्वतःसाठी बाजूला ठेवली होती.

"धर प्रसाद," त्या सोनलला म्हणाल्या.

"वाटीत द्या ना."

"प्रसाद वाटीत?"

सोनलनं नाइलाजानं हात पसरला. अंगठ्याच्या मुळाशी एक फोड फुटून वाळलेला, शेजारी दुसरा ताजा.

"हे काय गं?"

"बॅगेचा बंद लागला."

शालनताई बघत राहिल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनाही नेमके तिथेच फोड आले होते. तेव्हा बॅग नव्हती.

लोणी त्यांनी जपून, फोड टाळून ठेवलं. मग रवी उचलली, तोंडापाशी नेली आणि सोनलपुढे धरली.

"घे. आणि पुढच्या वेळी बर्फाचे दोन खडे टाक. हात वाचतात."

सोनलनं रवी घेतली. शालनताई फडताळाकडे वळल्या. गाठ फार घट्ट बसली होती. दुखऱ्या हाताला काही केल्या सुटेना.

"सोनल," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "चाटून झालं की जरा इकडे ये गं."