उभा गुडघा

आष्टीच्या बाजारात कृष्णकांतजींचं कापडाचं दुकान आहे. तिथे काउंटर नाही, काचा नाहीत, प्लास्टिकच्या बाहुल्यांना नेसवलेल्या साड्याही नाहीत. हातभर उंच लाकडी ओटा, त्यावर जाड गादी आणि गादीवर पांढरी चादर, एवढाच थाट. गिऱ्हाईक चपला काढून वर येतं, ऐसपैस बसतं, चहा पितं आणि दोन साड्या बघायला आलेलं असलं तरी अख्खं कपाट खाली उतरवायला लावतं. कृष्णकांतजींना त्याचा राग कधी आला नाही. बसलेलं गिऱ्हाईक घेतल्याशिवाय उठत नाही, हा त्यांच्या धंद्यातला वेद होता, आणि तो बराचसा खराही होता.

पण गेल्या दिवाळीपासून त्यांचा उजवा खुबा दुखायला लागला. आधी नुसती जांघेत चमक यायची. पुढे गादीवरून उठताना भिंत धरावी लागू लागली. अजून पन्नाशी गाठायची होती, त्यामुळे म्हातारपणावर ढकलायचीही सोय नव्हती. सुनीतीबाईंनी तेल चोळलं, गरम मिठाची पुरचुंडी शेकली, आणि कशानेच उतार पडेना तेव्हा मुलाला सांगून नवऱ्याला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं.

मुलगा निशांत. बी.कॉम. झाल्यापासून दुकानात यायचा, पण गादीवर म्हणून बसायचा नाही. दाराशी उभा राहून मोबाइलवर ऑर्डरी घ्यायचा. काउंटर करू, फिरत्या खुर्च्या आणू, हे त्याचं वर्षभर चाललं होतं. पोरगा वाईट नव्हता. त्याला बापाचा धंदा आवडायचा, बापाची बैठक आवडत नव्हती, इतकंच.

दवाखान्यात आधी एक्स-रे झाला, मग सीटी स्कॅन, मग एमआरआय. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. कृष्णकांतजींच्या त्या गोळ्याच्या मानेवर एक छोटासा उंचवटा निघाला. पाय विशिष्ट कोनात गेला की हा उंचवटा वाटीच्या काठावर आदळतो आणि काठाची नाजूक किनार चेंगरते, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. किनार थोडी चेंगरलेली दिसतच होती. पण ती चेंगरते कुठल्या हालचालीत, ते स्कॅन सांगत नाही, कारण स्कॅन काढताना माणूस गुमान उताणा निजलेला असतो.

ते शोधायचं काम चारुताचं. ती शिकलेली इंजिनिअर, आणि त्या दवाखान्याबरोबर खुब्यावर संशोधन करत होती. स्कॅनवरून ती माणसाची हाडं संगणकात जशीच्या तशी उभी करायची. मग त्याच माणसाच्या पायांना चमकत्या टिकल्या चिकटवून, चारी बाजूंनी कॅमेरे लावून, त्याची ऊठबस टिपायची आणि ती संगणकातल्या हाडांकडून करून घ्यायची. हाड हाडाला भिडलं की पडद्यावर तिथे लाल डाग उमटायचा.

टिकल्या कातडीवर लावायच्या म्हणून कृष्णकांतजींना अर्धी चड्डी घालायला दिली. कळत्या वयापासून या गृहस्थांनी घराच्या अंगणातसुद्धा अर्धी चड्डी घातलेली नव्हती. समोर डॉक्टरीणबाई, चारुता, शिवाय एक पांढऱ्या केसांचे मोठे डॉक्टर. कृष्णकांतजींनी मांडीवर टॉवेल घेतला. चारुताने तो काढायला लावला. त्यांनी पुन्हा घेतला. शेवटी टॉवेल बाहेर निशांतकडे ठेवायला दिला तेव्हा कुठे काम सुरू झालं. दुकानात बसता तसेच बसा, असं चारुताने सांगितलं. कृष्णकांतजी सत्यनारायणाच्या पूजेला बसावं तसे मांडी घालून ताठ बसले, हात मांडीवर, नजर खाली.

पडद्यावर लाल डाग काही आला नाही.

उंचवटा आहे, दुखणंही आहे, पण या बैठकीत तो काठाला भिडतच नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नेमकं कारण हाती लागेपर्यंत जमिनीवर बसणं सोडा, खुर्ची वापरा. तरी थांबलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन करून उंचवटा घासावा लागेल. चारुताचं मात्र समाधान झालं नव्हतं. घोडं कुठे पेंड खातंय ते तिला कळत नव्हतं, आणि तिने एकदा दुकान बघायला येते म्हणून सांगून ठेवलं.

निशांतने परतीच्या बसमध्येच हरिदास मिस्त्रीला फोन लावला. बाजाराच्या दिवशी काउंटरचं माप घ्यायला या म्हणाला.

घरी आल्यावर कृष्णकांतजींना जेवण गेलं नाही. "खुर्चीवर बसून मी कोणाले साडी दाखवू?" ते सुनीतीबाईंना म्हणाले. "गिऱ्हाईक उभं अन् मी बसलो राह्यलो तर ते दुकान होय का तिकिटाची खिडकी?" सुनीतीबाई म्हणाल्या, पायापेक्षा गादी मोठी आहे काय. पण गादी गेली की आपण नुसते दुकानात असणार, दुकानदार नसणार, या विचाराने त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी बायकोपासून लपवलंही नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळच्या बसने चारुता आली. पाठोपाठ हरिदास मिस्त्री टेप घेऊन हजर झाला. त्याच वेळी एक लग्नघर दुकानात शिरलं: नवरीची आई, दोन मावश्या, एक फारच चिकित्सक आत्या. आता मिस्त्रीचं माप कोण बघतो? कृष्णकांतजींनी त्याला कोपऱ्यात बसवलं, चारुताला पाणी दिलं आणि गादीवर चढले. शेवटचंच बसतो, असं स्वतःला बजावून चढले.

पहिल्या दोन साड्यांपर्यंत मांडी टिकली. आत्याबाईंनी तिसऱ्या साडीच्या रंगाला नाक मुरडलं आणि कृष्णकांतजींच्या अंगात धंद्याचं वारं शिरलं. उजवा गुडघा आपोआप उभा राहिला, छातीला टेकला. त्याच गुडघ्यावरून ते डावीकडे ओणवले, गठ्ठ्यातून साडी ओढली आणि झर्रकन पसरवली. पुन्हा ओणवले, पुन्हा ओढली. चारुताने मोबाइल काढून एकदा समोरून आणि एकदा बाजूने त्यांना टिपलं. त्यांना पत्ता नव्हता.

लग्नघर दोन गठ्ठे घेऊन गेल्यावर तिने त्यांना मोबाइल दाखवला.

"हा मी आहो काय?" कृष्णकांतजी बघतच राहिले.

"काकाजी, तुम्ही आमच्याकडे असे बसला नव्हता."

"मले वाटे मी मांडीच घालतो." ते ओशाळले. "अन् ध्यानात असतं तरी बसलो नसतो, बेटा. तुमी लेडीज, समोर मोठे डॉक्टर, अन् मी अर्ध्या चड्डीत. मोठ्या मानसाइपुढं गुडघा उभा करून बसत नाई आपल्यात."

चारुता हसली, आणि तिथेच गादीवर लॅपटॉप उघडून बसली. मोबाइलवरून अंदाजाने कोन घेतले आणि संगणकातल्या हाडांना तसं बसवलं. हे कच्चं काम आहे, पक्कं वर्ध्यालाच होईल, हे तिने आधी सांगितलं. गुडघा वर आला, मांडीचं हाड आत वळलं, धड डावीकडे झुकलं, आणि वाटीच्या पुढच्या काठावर लाल डाग उमटला. किनार जिथे चेंगरलेली होती, बरोबर तिथेच. मग तिने मांडी घातलेली बैठक लावली. मांडीचं हाड बाहेर वळलं, उंचवटा काठापासून दूर सरकला, डाग गेला. कृष्णकांतजींनी तिला तीच हालचाल पुन्हा पुन्हा दाखवायला लावली. स्वतःचीच हाडं बघताना त्यांना आधी संकोच वाटला, मग कौतुक वाटायला लागलं.

तिने डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ पाठवून फोन लावला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असंच होऊ घातलं होतं म्हणायचं. गादी खुशाल वापरा, बाई म्हणाल्या, मांडी घाला, मध्ये मध्ये उठून फिरा. पण गुडघा उभा करून ओणवायचं बंद. दोन महिन्यांनी दाखवायला या, ऑपरेशनचं तेव्हा बघू.

कृष्णकांतजींचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. ओणवल्याशिवाय गठ्ठ्यातली साडी निघायची कशी? नुसती मांडी घालून पूजेला बसता येतं, दुकान चालत नाही.

तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली. निशांत दाराशी उभा होता. त्याने पडद्यावरचा डाग पाहिला होता, बापाचा चेहराही पाहिला होता. त्याने बूट काढले, मोबाइल खिशात टाकला आणि गादीवर बापाच्या डाव्या हाताला येऊन बसला.

"कोन्ती काढू, बाबा?"

"ते मोरपंखी. नाई, तिच्या खालची."

निशांतने ओढली ती तिसरीच निघाली. पसरवायला गेला तर साडी फडकून अर्धी एका गिऱ्हाईक बाईंच्या डोक्यावर पडली. बाई हसल्या, कृष्णकांतजीही हसले. पुढची त्याने जरा बरी पसरवली. कृष्णकांतजी हात मांडीवर ठेवून बसले होते, पोत सांगत होते, काठ सांगत होते, आणि त्यांचा खुबा अजिबात दुखत नव्हता.

हरिदास मिस्त्री कोपऱ्यात बसून कंटाळला होता. टेप बोटाला गुंडाळत त्याने विचारलं, काउंटरचं माप घ्यायचं का नाही, नसेल तर मी जातो.

निशांतने मान वर न करताच सांगितलं, "काउंटर राहू द्या, हरिदासभाऊ. हा ओटा त्या भिंतीपावतर वाढवून द्या. दोघं बसले पाह्यजे."

कृष्णकांतजींनी निशांतने पसरवलेली साडी जवळ ओढली आणि बराच वेळ तिचीच घडी घालत बसले.