ताणातली विहीर

डेटा सेंटर म्हणजे संगणकांचं घर आणि त्यांना बारा महिने थंडावा लागतो, असं मार्चमधल्या जनसुनावणीत कंपनीच्या पुष्कररावांनी सांगितलं. मला हेवाच वाटला. मोर्शीकडच्या आमच्या गावात थंडावा माणसांनाही मिळत नाही.

त्यासाठी त्यांना आमच्या शिवारातलं पाणी उपसायचं होतं. परवाना द्यायचा की नाही, हे सरकारतर्फे अमरावतीहून आलेल्या अदितीबाई ठरवणार होत्या. माझा जीव संत्र्याच्या चारशे झाडांत अडकला होता. ही आमची तिसरी लागवड. पहिलीला मी नवी नवरी असताना घागरीनं पाणी घातलं होतं.

पुष्करराव मोजणीचा अहवाल वाचू लागले, "सर्व विहिरी तुडुंब. सूर्यभानजींच्या विहिरीचं पाणी तर सहा फुटांवर."

सूर्यभान म्हणजे आमचे हे. मिशीत हसले. मोजणारे आले तेव्हा यांनीच चहा पाजून विहीर दाखवली होती. "आपल्या विहिरीले तळ नाही, साहेब." लग्न ठरवताना माझ्या वडिलांनाही हेच सांगितलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात मी तळ पाहिला.

मी उठले. "मॅडम, यायले इचारा, मोजणी कोणत्या महिन्यात केली?"

"डिसेंबरात, आजी," पुष्करराव म्हणाले.

"तवा बागा ताणावर असतात, बापा. झाडाले फूल यावं म्हून आमी महिना-दीड महिना पानी तोडतो. मोटारच बंद, मंग विहीर भरंल नाही त काय? उपासाच्या दिवशी पोळ्यांचा डबा मोजला तुमी."

मंडप हसला. अदितीबाई आमच्या यांच्याकडे वळल्या. "काका, तुम्ही हे सांगितलं नाही?"

"त्यायनं कुठं इचारलं," हे मिशी चाचपत म्हणाले.

"तुमी कोनाले इचारू देता का," मी म्हटलं.

मे महिन्यात पुन्हा मोजणी, तोवर परवाना नाही, असं अदितीबाईंनी तिथंच लिहून घेतलं.

मे महिन्यात त्या स्वतः आल्या. टेप विहिरीत उतरत राहिली. हे बांधावर पाठमोरे उभे.

"पाणी बावन्न फुटांवर," अदितीबाई म्हणाल्या. "काका, एवढ्या पाण्यावर कंपनीला परवाना देता येणार नाही."

माझा जीव भांड्यात पडला. यांना मात्र विहिरीचा अपमान सोसवेना.

"यंदा जराशी कमी आहे," हे पुटपुटले.

"पन्नास वर्सं झाली मॅडम," मी म्हटलं, "दरसाल यंदाच कमी असते."