तीन रेघांचं हसू

"तवाधरनं तूच धरून बसलायस, आन् तुझा माणूस अजून हसला बी न्हाय," प्रतिक्षा शंभूराजच्या कानाशी पुटपुटली. पुटपुटली म्हणजे आपल्या मते. मागं उभ्या असलेल्या विजयमालाबाईंना सगळं ऐकू गेलं.

"मी काय करू? उंदीर वर जाईनाच. नुसता आडवा पळतोय," शंभूराज म्हणाला.

बाईंनी वाकून पाहिलं. पडद्यावर एक गोल चेहरा, दोन ठिपके डोळ्यांना, आणि तोंडाच्या जागी आडवी रेघ. शंभूराज उंदीर, म्हणजे कॉम्प्युटरचा माऊस, वर ढकलत होता आणि रेघ नुसती लांब होत होती. आता ती गालाबाहेर निघाली होती.

"बाई, ह्याला मिशा फुटल्या," मागनं कुणीतरी म्हणालं आणि चौथीचा अख्खा वर्ग हसला. पडद्यावरचा तो गडी तेवढा हसला नाही.

सणसरच्या शाळेत हा एकच कॉम्प्युटर. गेल्या वर्षी कुणीतरी देणगी म्हणून दिला, तेव्हा बाकीच्या मास्तरांनी त्याच्यावर कापड घातलं आणि कापडावर हजेरीपत्रकं ठेवली. कापड काढलं ते विजयमालाबाईंनी. त्यांनी काही कोर्सबिर्स केला नव्हता. त्यांची मुलगी सुकन्या बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, तेव्हा तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला कीबोर्ड काढून दिला होता. जेवणं झाली की मायलेकी त्या कागदावर बोटं आपटायच्या, आणि सुकन्याचे वडील हिंदुराव सुपारी कातरत म्हणायचे, "काय लिवलं ते दिसंना की गं."

चेहरा हसवायची युक्तीसुद्धा सुकन्याचीच. चित्रं काढायच्या त्या खिडकीत चुकलं तर मागं जायची सोय होती, पण फक्त तीन पावलं. कंट्रोल धरून झेड दाबलं की शेवटची रेघ पुसायची, वरच्या ओळीतलं एक बटण दाबलं की परत यायची. म्हणून चेहरा आधी गंभीर काढायचा. मग तीनच रेघा. एका रेघेनं तोंडाचा एक कोपरा वर, दुसऱ्या रेघेनं दुसरा, तिसरीनं गालावर खळी. आता बटणं भरभर दाबली की माणूस हसतो, थांबतो, पुन्हा हसतो. चौथी रेघ काढली की मात्र यंत्र पहिली विसरतं. आणि एकदा बंद केलं की सगळंच विसरतं. उरतो तो शेवटचा चेहरा, जिथल्या तिथं गोठलेला. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा पहिल्यापासनं हसवायचं.

आधी बाईंनी पोरांना एकमेकांसमोर बसवून नुसतं बघायला लावलं होतं. माणूस हसतो तेव्हा आधी काय हलतं? आठवडाभर तोच अभ्यास. प्रतिक्षानं पाटीवर लिहून आणलं होतं, 'शंभूराजचे आधी नाक हसते.' ते खरंच होतं.

पोरं घरी गेली की बाई खिडक्या लावायच्या आधी दहा मिनिटं एकट्या बसायच्या. तेव्हा त्या एका मुलीचा चेहरा काढायच्या. लांब वेणी, रुंद कपाळ. आधी डावा कोपरा वर, मग जरा वेळानं उजवा, मग एकाच गालावर खळी. किल्ली न्यायला आलेल्या प्रतिक्षानं एकदा विचारलं होतं, "बाई, ही कोण हाय?"

"कुणी नाही. सरावाला काढते," बाई म्हणाल्या होत्या.

सुकन्यानं तीन वर्षांपूर्वी त्या क्लासवाल्या रविराजशी रजिस्टर लग्न केलं. विचारून केलं नाही, कारण विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते तिला माहीत होतं. हिंदुराव ओरडले नाहीत, काही फेकलं नाही. फक्त म्हणाले, "हितनं पुढं ह्या घरात त्ये नाव नको." आणि ते नाव खरंच गेलं. सणसरपासनं बारामती हाकेच्या अंतरावर, पण हिंदुराव बाजारालासुद्धा उलट्या दिशेनं पार इंदापूरला जायला लागले. घरात सुकन्याचा एकच फोटो, कॉलेजच्या ओळखपत्राचा. स्टुडिओवाल्यानं हसू नको म्हणून सांगितलेला. तो ट्रंकेत तळाशी होता. हसणारी सुकन्या फक्त शाळेतल्या त्या पडद्यावर यायची, रोज दहा मिनिटं.

ती आता चार दिवस आली नव्हती.

चूक कुणाची ते शोधायला लांब जावं लागलं नाही. खंडेनवमीला शाळेत यंत्राची पूजा झाली, आणि शाळेची झाडलोट करणाऱ्या कुशाबाईंनी ती मन लावून केली. पडद्याला हळदकुंकू, कीबोर्डाला हळदकुंकू, आणि उंदीर उलटा करून त्याच्या पोटातल्या गोळीलाही, कारण खरं काम तीच करते असं त्यांनी बाईंच्याच तोंडून ऐकलं होतं.

"अवजाराला कुकू लावायचं न्हाय तर काय लावायचं? देवाचं केलेलं बी सोसंना व्हय ह्याला?" कुशाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या.

"तुमचं चुकलं नाही हो," बाई म्हणाल्या. पण शनिवारी पालक येणार होते, आणि पस्तीस पोरांच्या पस्तीस माणसांची तोंडं आडवी होती.

संध्याकाळी त्यांनी उंदीर रुमालात बांधून घरी आणला आणि फळीवर ठेवला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं काम उरकून हिंदुराव आले.

"हे काय?"

"शाळेचं. बिघडलंय."

"कुठं नीट करत्यात?"

"बारामतीला."

हिंदुरावांनी पाय धुतले. जरा जास्तच वेळ धुतले. "बारामतीला लई दुकानं असतील."

"कॉम्प्युटरचं मला एकच माहीत आहे."

ताटावरनं उठताना हिंदुराव म्हणाले, "दुपारच्याला एक गाडी असती. गर्दी नसती तिला."

शुक्रवारी अर्धी रजा टाकून बाई गेल्या. क्लास जिन्यावरनं वर, पाटी तीच, फक्त रंग उडालेला. रविराज एकटाच होता. बाईंना बघून तो उठला, त्यानं तोंड उघडलं, आणि जे म्हणायचं होतं ते गिळून म्हणाला, "या बाई. बसा."

बाईंनी रुमाल सोडला. त्यानं उंदीर उलटा केला, खालची चकती फिरवली, गोळी तळहातावर घेतली. लालभडक.

"खंडेनवमी?" त्यानं विचारलं.

"खंडेनवमी."

दोघंही हसणार होते, पण राहिलं. आतल्या दोन बारीक दांड्यांवर कुंकवाचा थर बसला होता. तो नखानं खरवडत, मान खाली घालूनच रविराज म्हणाला, "ती पणदऱ्याला जाते. बालवाडी आहे तिथं. साडेपाचला येईल. थांबा ना."

सणसरला परतायची शेवटची एसटी पावणेपाचची. बाईंनी खोलीत नजर फिरवली. खुंटीला निळी ओढणी होती. टेबलावर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू, त्यावर शाईनं काढलेला कीबोर्ड. कुणा नव्या पोरासाठी असेल.

"नको. घरी वाट बघतात," त्या म्हणाल्या. कोण वाट बघतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

जिन्यापर्यंत आल्यावर त्यानं विचारलं, "तिला काय सांगू?"

बाईंना सांगण्यासारखं इतकं होतं की पावणेपाचची काय, दुसऱ्या दिवशीचीसुद्धा गाडी चुकली असती.

"सांगा, उंदीर चालायला लागला," त्या म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

शनिवारी वीज टिकली, हीच मोठी गोष्ट. पालक चपला बाहेर काढून पडद्यासमोर दाटीनं बसले. शंभूराजचा माणूस हसला, थांबला, हसला. त्याच्या आजोबांनी तो सात वेळा हसवून घेतला. "परत कर रं," ते दर वेळी म्हणायचे. कुशाबाईंनी लांबूनच हात जोडले, यंत्राला हात मात्र लावला नाही.

तेवढ्यात दारात हिंदुराव दिसले. आजवर ते कधी शाळेत आले नव्हते. टोपी हातात घेऊन चौकटीला टेकले. बाईंनी बघितलं तसं म्हणाले, "असाच आलो. चालू द्या तुमचं."

"बाई, आता तुमची ती काढा की. वेणीवाली," प्रतिक्षा म्हणाली.

"ती नको."

"काढा की बाई. रोज तर काढता."

पोरांनी गलका केला. बाया म्हणाल्या, काढा की. बाईंनी उंदीर हातात घेतला. रुंद कपाळ आलं, वेणी आली, तोंडाची आडवी रेघ आली. मग हात थांबला. दाराकडं बघायची सोय नव्हती. त्यांनी पडद्यावरच्या पेन्सिलीचं टोक डाव्या कोपऱ्यावरनं उचललं, उजव्या कोपऱ्यावर नेलं आणि तिथून रेघ वर घेतली. असं केलं की ती कुणीही झाली असती. कुणाचीही पोरगी.

"कोण वो ही?" कुशाबाईंनी विचारलं.

"कुणी न्हाय, सरावाला काढत्यात बाई," प्रतिक्षानं सांगितलं.

दारात कुणीतरी खाकरलं.

"तितनं न्हाय."

सगळ्यांनी माना वळवल्या. हिंदुराव पडद्याकडं बघत होते. टोपी हातात गोल गोल फिरत होती, मग थांबली.

"आधी डावीकडनं," ते म्हणाले. "आपली सुकन्या आधी डावीकडनं हसती."